ताटात काय उरले

श्वसनमार्गाच्या विषाणुजन्य विकारांची साथ आली की रुग्णाच्या आप्तेष्टांकडून आहारतज्ज्ञाला जो प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, तो ताकदीसाठी कोणती पावडर आणि कोणत्या गोळ्या चालू कराव्यात हा असतो. रुग्ण जेवला का, किती जेवला, हे विचारणारा क्वचितच भेटतो. मुंबईतील पालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या आहारविभागात उमेदीची सारी वर्षे घालवल्यानंतर, दोन मोठ्या साथी आणि गोवराचा एक उद्रेक जवळून पाहिल्यानंतर, माझी अशी धारणा झाली आहे की या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हाती येईपर्यंत पहिल्याला हात घालणे व्यर्थ आहे. पूरक पोषणद्रव्यांवर माझा विश्वास आहे. तो कोठे आणि किती ठेवावा, हे मात्र मला ग्रंथांपेक्षा वॉर्डातून मुदपाकखान्याकडे परत येणाऱ्या ताटांनी अधिक शिकवले.

मी नोकरीत रुजू झाले तेव्हा आहारविभागाचे दफ्तर मुदपाकखान्याला लागून असलेल्या एका अरुंद खोलीत होते. रोज सकाळी प्रत्येक वॉर्डाच्या सिस्टरकडून मागणीपत्रक येई. साधा आहार किती, मधुमेही किती, द्रव आहार किती, नळीचा आहार किती, हे आकडे त्यावर असत, आणि त्यांच्या आधारे दूध, अंडी, पाव, डाळ-तांदूळ यांचा कोठीतून उठाव होऊन प्रत्येक जिन्नस वजनाबरहुकूम नोंदवहीत चढवला जाई. त्या हिशेबात तफावत खपत नसे. परंतु वॉर्डात गेलेल्या अन्नापैकी रुग्णाच्या पोटात किती गेले, याचा रकाना त्या भल्याथोरल्या नोंदवहीत कोठेच नव्हता. ज्यांच्या हाताखाली मी हा व्यवसाय शिकले त्या वरिष्ठ बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला ताकीद दिली, की दुपारी जेवणाच्या गाड्या परत येतात तेव्हा दारात उभे राहायचे आणि झाकणे उघडून पाहायचे. अस्थिभंगाच्या वॉर्डातली ताटे रिकामी येत. छातीच्या विकारांच्या वॉर्डातली जशी गेली तशीच परत येत. फार तर वरणाची वाटी अर्धी झालेली असे आणि चपातीचा एक कोपरा मोडलेला असे. ज्याला अन्नाची निकड सर्वाधिक, त्याचेच ताट सर्वाधिक भरलेले परत यावे, हे त्या दारात उभे राहून पाहताना मन अस्वस्थ होई.

यामागचे शरीरशास्त्र समजण्यास कठीण नाही. ज्वराच्या प्रत्येक सेल्सियस अंशामागे शरीराचा मूलभूत ऊर्जाव्यय ढोबळमानाने १३ टक्क्यांनी वाढतो; धाप लागलेल्या माणसाला नुसता श्वास ओढण्यासाठी अधिक इंधन खर्ची घालावे लागते; आणि नेमक्या त्याच काळात दाहप्रक्रियेत निर्माण होणारी द्रव्ये भुकेची जाणीव बोथट करून टाकतात. बाहेरून आवक थांबली की शरीर आपल्याच स्नायूंतील प्रथिने मोडू लागते. अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे मोजमाप करणारा एक ब्रिटिश अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला; पहिल्या दहा दिवसांतच त्या स्नायूचा छेद सरासरीने सुमारे १८ टक्क्यांनी आक्रसल्याचे त्यात आढळले. आणि ज्याच्या बळावर आपण श्वास घेतो ते श्वासपटल हाही एक स्नायूच आहे. साठ किलो वजनाच्या रुग्णाला दिवसाकाठी १६०० ते १८०० किलोकॅलरी आणि निदान ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. अर्धी वाटी वरण, दोन घास भात आणि चहात बुडवलेली दोन बिस्किटे यांतून त्याचा चतुर्थांशही भागत नाही. ‘जेवत नाही, पण सलाईन चालू आहे ना’ असे समाधान करून घेणारे नातेवाईक मला शेकड्यांनी भेटले असतील. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर सलाईनमधून मिळणारी ऊर्जा पावणेदोनशे किलोकॅलरींच्या आसपास असते आणि प्रथिन त्यात कणभरही नसते, हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो अविश्वास उमटे, तो मला अजून स्मरतो.

२००९ च्या पावसाळ्यात स्वाइन फ्लू आला. देशातील त्याचा पहिला मृत्यू ऑगस्टच्या प्रारंभी पुण्यात नोंदवला गेला आणि पाहता पाहता मुखपट्ट्यांसाठी औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. वृद्धांपेक्षा तरुण, गरोदर स्त्रिया आणि स्थूल माणसे या साथीत अधिक गंभीर होतात हे लवकरच ध्यानात आले. तिशीतील एक धिप्पाड गृहस्थ कृत्रिम श्वसनयंत्रावर होता. त्याच्या अंगी साठा पुष्कळ आहे, तेव्हा नळीचा आहार चार दिवस मागे पडला तरी बिघडत नाही, असा सूर त्या काळी राउंडमध्ये सर्रास निघे, आणि त्याच्याही बाबतीत तो निघाला. यंत्र निघाले तेव्हा त्याचे वजन अजूनही शंभर किलोंच्या घरात होते. परंतु त्याला उशीवरून मान उचलता येईना, आणि खोकून बेडका बाहेर टाकण्याइतके बळ छातीत उरले नव्हते. चरबीचा साठा ऊर्जा पुरवू शकतो, स्नायू पुरवू शकत नाही. स्थूल देहाच्या आतही माणूस प्रथिनांअभावी खंगत असतो. तेव्हापासून यंत्रावरील रुग्णाचा नळीचा आहार पहिल्या २४ ते ४८ तासांत, थोड्या प्रमाणात का होईना, सुरू व्हावा, याचा आग्रह मी धरीत आले. अपवाद बराच काळ उपाशी राहिलेल्या रुग्णांचा. अशांना एकाएकी भरपूर आहार दिला तर रक्तातील फॉस्फेट घसरून हृदय आणि श्वास दोन्ही संकटात येतात. तेथे आधी थायमिन आणि मग बेताबेताने वाढवत नेलेले अन्न, हाच क्रम पाळावा लागतो.

माझी आजी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढली. १९१८ सालच्या मानमोडीच्या तापाविषयी ती बोले तेव्हा त्या वर्षी पाऊस न झाल्याचे आणि घरातले जोंधळे संपल्याचे सांगितल्यावाचून तिचे बोलणे कधी पुढे सरकलेच नाही. तिच्या स्मरणात ती एकच आपत्ती होती. पुढे आहारशास्त्र शिकताना त्या वर्षीचे आकडे वाचनात आले, तेव्हा तिची स्मृती किती यथार्थ होती हे पटले. मान्सून फसल्याने मुंबई इलाख्यात धान्य महागले होते, आणि त्याच सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाची दुसरी, घातक लाट आली. मुंबई शहरात युरोपीय रहिवाशांतील मृत्यूचे प्रमाण हजारी सुमारे ८ होते. सरकारी कागदपत्रांत खालच्या जातींचे म्हणून नोंदल्या गेलेल्या हिंदूंत तेच हजारी ६१ च्या वर गेले. विषाणू एकच होता. चाळीतली गर्दी, शुश्रूषेचा अभाव आणि रिकामे पोट यांचा वाटा किती, याची वेगवेगळी वजाबाकी आता कोणाला करता येणार नाही, पण रिकाम्या पोटाला त्यातून वगळता येईल असे मला वाटत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये कोविड आला आणि आमच्या विभागाचा सारा शिरस्ताच मोडून पडला. ताटे बंद होऊन बंद डबे आले. नातेवाइकांना प्रवेश नाही, म्हणून घास भरवणारे कोणी नाही. वॉर्डातल्या मावशी आणि मामा संरक्षक पोशाखात घामाने निथळत डबा खाटेजवळच्या कपाटावर ठेवून पुढे जात, कारण पुढे आणखी तीस खाटा असत. डबे परत येत नसत, ते थेट संसर्गजन्य कचऱ्यात जात. त्यामुळे दारात उभे राहून झाकण उघडण्याचा माझा आयुष्यभराचा मार्गच खुंटला होता. मग मीच पोशाख चढवून वॉर्डात जाऊ लागले. तेथे जे दिसले ते कोणत्याही मागणीपत्रकावर उमटणारे नव्हते. प्राणवायूचा घट्ट मुखवटा लावलेल्या रुग्णाने तो घासासाठी बाजूला करताच बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा ऐंशीच्या घरात उतरे, यंत्र ओरडू लागे, आणि भेदरलेला रुग्ण घास तसाच टाकून मुखवटा पुन्हा तोंडावर दाबून धरी. एकदा असे झाले की पुढच्या जेवणाला तो हातच लावीत नसे. सिस्टरांच्या संमतीने आम्ही असे ठरवले की प्रकृती मानवेल त्या रुग्णांना जेवणापुरती प्राणवायूची नाकातली नळी लावावी, आणि जेवण म्हणजे चपाती-भाजी न देता दर दोन तासांनी थोडेसे पण सकस पेय तोटीच्या कपातून द्यावे. दूध, साय काढलेल्या दुधाची पावडर, फुटाण्याच्या डाळीचे चाळलेले पीठ, थोडे तेल आणि ज्यांना चालते त्यांना साखर, असे मिश्रण करून १५० मिलिलिटरांत सव्वादोनशे किलोकॅलरी बसवता आल्या. डेक्सामेथासोनमुळे पुष्कळांची साखर भडकलेली असे. त्यांच्यासाठी साखरेवाचून निराळी बाटली निघे.

एका वयोवृद्ध गृहस्थाचा डबा रोज अस्पर्श राहतो अशी तक्रार होती. रुग्ण सहकार्य करीत नाही, असा शेराही त्यांच्या कागदावर पडला होता. वॉर्डातल्या एका मामांनी सहज गप्पांत त्यांच्याकडून काढून घेतले, की रात्री घाईघाईने रुग्णवाहिकेत बसताना त्यांची कवळी घरीच वाटीत राहिली आहे, आणि हे सांगण्याचा त्यांना संकोच वाटत होता. दुसऱ्या दिवशी नाव लिहिलेल्या पुडक्यातून कवळी फाटकावर आली. ती येईपर्यंत मऊ खिचडी, मुगाचे कढण आणि कुस्करलेले अंडे यांवर त्यांनी निभावले. त्यांच्या उशाशी प्रथिनांच्या पावडरीचा महागडा डबा सीलबंद पडून होता. मुलाने तो उसनवारी करून पाठवला होता. तो उघडून, मोजून, पाण्यात कालवून देणारा हातच त्या वॉर्डात मोकळा नव्हता, आणि रुग्णाच्या हाताला झाकण पिळण्याइतकी शक्ती नव्हती. असे न उघडलेले डबे मला नंतर खाटेखाटेशी दिसू लागले.

त्या डब्यांवरून जो विचार सुचला, तो माझ्या नोकरीतील सर्वांत महत्त्वाचा ठरला असे मी समजते. पूरक आहार हा जेवणाच्या खात्यातून काढून औषधाच्या खात्यात घालावा, अशी दरखास्त आम्ही वरिष्ठ डॉक्टरांपुढे ठेवली. म्हणजे असे, की पावडर मुदपाकखान्यातच कालवून बाटल्यांत भरून यावी. सिस्टर गोळ्या देण्यास फिरतात त्या चारही वेळी गोळ्यांबरोबर पाण्याऐवजी साठ मिलिलिटर पेय द्यावे. आणि औषधाच्या तक्त्यावर इतर औषधांप्रमाणे त्याचीही सही व्हावी. शिवाय रात्रीच्या आठपासून सकाळच्या आठपर्यंत बारा तास रुग्ण उपाशी असतो, त्या पोकळीत झोपण्यापूर्वी एक मोठा कप असावा. त्याच तक्त्यावर ‘किती घेतले’ असा एक रकाना मागितला: सर्व, पाऊण, अर्धे, पाव. तो भरण्याचे काम मावशींकडे द्यावे असा माझा आग्रह होता, कारण कोणी किती खाल्ले हे त्या वॉर्डात फक्त त्यांनाच ठाऊक होते. मंजुरी मिळायला वेळ लागला, परंतु मिळाली. स्वित्झर्लंडमधील आठ रुग्णालयांत कुपोषणाचा धोका असलेल्या दोन हजारांवर रुग्णांचा एक अभ्यास २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता; प्रत्येकाची गरज मोजून, त्याला रुचेल असे अन्न आणि लागेल तेथे पूरक पेय देऊन ती गरज भागवण्याची खटपट केली असता तीस दिवसांतील मृत्यू १० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर उतरले होते. तो निबंध मी त्या दरखास्तीला जोडला होता. त्यात कोणतेही दुर्मिळ द्रव्य नव्हते. होते ते अन्न, आणि ते पोटात जाते की नाही हे पाहणारा माणूस.

चव आणि वास गेलेल्यांची गोष्ट निराळी होती. वास गेला तरी जिभेवरची आंबट-खारटाची जाण काहींना शिल्लक असते, आणि तिखटाची झोंब तर निराळ्याच मज्जातंतूंतून पोहोचते. त्यामुळे आम्ही कोकमाचे सार, जिरे घातलेले थंड ताक, लिंबाच्या लोणच्याची फोड आणि भाजलेला पापड यांचा आधार घेतला. पापडाचा आवाज आला तरी जेवल्यासारखे वाटते, असे एक बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांनी भात संपवला.

गोळ्यांची कथा याच काळातली. क जीवनसत्त्व, जस्त, ड जीवनसत्त्व आणि बहुजीवनसत्त्वे असा संच जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या पिशवीत असे. क जीवनसत्त्वाची कीर्ती जुनी आहे. दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी लायनस पॉलिंग यांनी १९७० साली पडशावर त्याचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले, आणि तेव्हापासून ती कीर्ती ओसरलेली नाही. पुढे झालेल्या चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा, की रोज नियमाने घेतल्यास प्रौढांच्या पडशाचा काळ सुमारे ८ टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे आठवड्याच्या आजारात अर्धा दिवस. पडसे लागल्यावर घेणे सुरू केल्यास तेवढाही भरवसा नाही. आपल्याकडे पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरेसे मानले आहे, आणि शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. अमेरिकेत २१४ कोविडरुग्णांवर केलेली एक चाचणी २०२१ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाली. घरीच उपचार घेणाऱ्या या रुग्णांपैकी काहींना दिवसाला ८००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, काहींना ५० मिलिग्रॅम जस्त, काहींना दोन्ही दिली गेली. लक्षणांचा काळ लक्षणीयरीत्या घटला नाही, आणि पुढे चालवण्यात अर्थ नाही म्हणून ती चाचणी मध्येच थांबवण्यात आली.

निरुपयोग एवढाच दोष असता तर मी त्याविषयी फार बोलले नसते. एका शिक्षिकेला रोज सकाळी मळमळून उलटी होई आणि न्याहारी तशीच राही. आजार वाढतो आहे या धास्तीने घरच्यांनी आणखी एक गोळी वाढवली होती. जस्ताची ५० मिलिग्रॅमची गोळी त्या रिकाम्या पोटी घेत होत्या. रिकाम्या पोटी एवढ्या जस्ताने मळमळते, हे सर्वज्ञात आहे. डॉक्टरांनी ती थांबवली आणि तिसऱ्या दिवशी उपम्याची बशी रिकामी झाली. ताकदीची म्हणून घेतलेली गोळी अन्नालाच दाराशी अडवून धरते, हे मी नंतर पुष्कळदा पाहिले. मधुमेही रुग्णांत आणखी एक धोका असतो: शिरेतून क जीवनसत्त्वाचे मोठे डोस चालू असता काही ग्लुकोमीटर साखर आहे त्याहून अधिक दाखवतात, आणि त्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन दिले गेले तर साखर खरोखरच धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा वेळी प्रयोगशाळेतील तपासणीवरच विसंबावे लागते.

ड जीवनसत्त्वाविषयी मला अधिक सावधपणे लिहिले पाहिजे, कारण तेथे सत्य मधोमध आहे. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २५ चाचण्यांतील सुमारे ११,००० व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण आले; त्यानुसार ज्यांच्या शरीरात मुळात त्याची तीव्र कमतरता होती आणि ज्यांना ते रोज किंवा आठवड्याने थोडे थोडे मिळाले, त्यांना श्वसनविकारांपासून संरक्षण अधिक लाभले, एकदम दिलेल्या मोठ्या मात्रेने ते लाभले नाही. ब्राझीलमध्ये कोविडच्या २४० रुग्णांपैकी निम्म्यांना दोन लाख एककांची एकच मात्रा देऊन पाहिली. रुग्णालयातील मुक्काम कमी झाला नाही. म्हणजे आजारापूर्वी महिनोन्‌महिने भरून काढायची तूट आजारात एका दिवसात भरून निघत नाही. आणि तूट नसलेल्याला, किंवा ती भरल्यानंतरही, ते देत राहिले तर काय होते, हे दुसऱ्या लाटेनंतर आलेल्या एका आजींनी दाखवले. बद्धकोष्ठ, उलट्या, विसराळूपणा, बरळणे. कोविडचाच परिणाम म्हणून घरच्यांनी सोसलेले. आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० एककांची पुडी मुलगा त्यांना मोठ्या मायेने रोज दुधातून देत होता, आणि रक्तातील कॅल्शियम मर्यादेबाहेर गेले होते. त्या बऱ्या झाल्या. मुलाला काय सांगावे हे मात्र मला पुष्कळ वेळ सुचले नाही. आईसाठी धडपडणाऱ्या माणसाला रागे भरणे मला कधी जमलेले नाही.

गोळ्यांविषयी माझे मत अशा रीतीने ताठर होत चालले असतानाच २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या दाट वस्तीत, गोवर उसळला. गोवर हा अंगावर पुरळ दाखवणारा रोग म्हणून ओळखला जातो, परंतु तो पसरतो श्वासावाटे आणि मुले दगावतात ती बहुधा न्यूमोनियाने. लस न मिळालेली, हाडे दिसणारी, डोळे चिकटलेली बालके आयांच्या मांडीवर येत, आणि त्यांना दाखल करताच पहिल्या दिवशी एक व दुसऱ्या दिवशी एक अशा अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा दिल्या जात: वर्षावरील बालकाला प्रत्येक वेळी दोन लाख एकके, सहा महिने ते एक वर्षापर्यंत एक लाख, त्याहून लहानग्याला पन्नास हजार. लंडनमध्ये १९३२ साली एलिसन नावाच्या डॉक्टरांनी गोवराच्या सहाशे मुलांपैकी निम्म्यांना अ जीवनसत्त्वयुक्त तेल दिले. ज्यांना दिले त्यांत ११ आणि ज्यांना दिले नाही त्यांत २६ मुले दगावली. ती गोष्ट पुढे जवळजवळ अर्धशतक बाजूला पडून राहिली. इंडोनेशियात आल्फ्रेड सॉमर यांनी अ जीवनसत्त्वाची उणीव आणि बालमृत्यू यांचा संबंध पुढे आणला, आणि १९९० मध्ये केपटाउनच्या चाचणीत पुन्हा तेच दिसले: ९२ मुलांत २ मृत्यू, आणि औषधाविना ९७ मुलांत १०.

येथे पूरक द्रव्याने प्राण वाचतात, यात संशयाला जागा नव्हती, आणि ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढे होते. मग फरक कोठे पडला? या मुलांच्या यकृतातील साठा आधीच रिता होता, गोवराने उरलासुरला संपवला होता, आणि श्वासनलिकेच्या अस्तराला व डोळ्याच्या बुबुळाला तगून राहण्यासाठी नेमके तेच द्रव्य लागते. उणीव खरी होती, ठाऊक होती, आणि जे कमी होते तेच भरले गेले. कोविडच्या वॉर्डात साठ किलोंच्या माणसाला चाळीस ग्रॅम प्रथिने कमी पडत होती आणि आपण त्याला क जीवनसत्त्व देत होतो. एका आईने मला विचारले, हे पिवळे तेल विकत मिळेल का, घरी धाकटी आहे. तिला अंगणवाडीत पाठवले. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर एक लाख एककांची पहिली मात्रा आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाखांची, ही सरकारी तरतूद तेथे विनामूल्य आहे. ते तेल मनाने वाढवून मात्र देऊ नये, हेही बजावले.

घरी गेलेल्या रुग्णाची काळजी हा आमच्या कामाचा सर्वांत दुबळा भाग राहिला आहे. युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली कोविडसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत जेवणातून गरज भागत नसेल तेथे दिवसाला निदान ४०० किलोकॅलरी व ३० ग्रॅम प्रथिने पूरक पेयातून द्यावीत आणि ती महिनाभर तरी चालू ठेवावीत असे म्हटले आहे. आपल्याकडे घरी सोडण्याच्या कागदावर औषधांची यादी असते, आहाराच्या जागी ‘पौष्टिक आहार घ्यावा’ एवढेच. मी त्याऐवजी रुग्णाच्या घरची मिळकत विचारून लिहीत असे. दोन अंडी दिली की बारा ग्रॅम प्रथिने झाली. दोन कप दूध दिले की आणखी तेवढीच. मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे गुळाबरोबर खाल्ले की सहा-सात ग्रॅमांची भर पडते. आणि सातूचे पीठ दुधात कालवून दिले तर दात नसलेल्यालाही चालते. डाळीचे पाणी देऊ नका, डाळ द्या, हे मी इतक्या घरांत सांगितले आहे की वॉर्डातल्या मावशी आता माझ्याआधी सांगतात. पाण्यात प्रथिन नाममात्र उतरते. ते राहते तळाशी, आणि तळाची डाळ घरातले इतर खातात. आयात केलेल्या पावडरीसाठी गळ्यातले गहाण ठेवायला निघालेल्या एका तरुण पत्नीने हा हिशेब माझ्याकडून कागदावर लिहून घेतला, घडी घालून पदरात बांधला, आणि पंधरवड्याने नवऱ्याला तपासणीसाठी घेऊन आली तेव्हा त्याचे वजन दीड किलोने वाढलेले होते. अशा वेळी मी रुग्णाला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगते. उठता आले तर मांडीच्या स्नायूत बळ परतू लागले आहे असे समजावे.

यंदा मेअखेरीस, पावसाळी फ्लू सुरू होण्याच्या आधी, बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या दमेकरी आणि वयोवृद्ध रुग्णांची वजने मागील नोंदींशी ताडून पाहण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. फ्लूची लस घेतली का, हे आधी विचारतो. मग दात आहेत का, स्वयंपाक कोण करते, संध्याकाळी एकटे जेवता का, हे विचारतो. उत्तरे देताना पुष्कळांना रडू येते, त्यांच्यासाठी खुर्ची जवळ ओढून घ्यावी लागते. ज्यांचे वजन सहा महिन्यांत विसावा हिस्सा किंवा त्याहून अधिक उतरले आहे, म्हणजे साठ किलोंच्या माणसाचे तीन किलो, त्यांना वैद्यकीय समाजसेवकांमार्फत दुधाच्या पावडरीची पाकिटे मिळवून देतो, ती कशी कालवायची ते दाखवतो, आणि पंधरा दिवसांनी पाकीट संपले की तसेच राहिले हे पाहण्यासाठी पुन्हा बोलावतो.